गुणाचं बाळ

माझ्या मुलाला पहिली सर्दी झाली तेव्हा तो दीड महिन्याचा होता, आणि आमच्या दोन खोल्यांत त्याच्या नाकाखेरीज दुसरा कुठलाच आवाज ऐकू येईना. एवढ्याशा नाकातून एवढी घुरघुर निघू शकते हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी हसले असते. दूध प्यायला लागला की नाक बंद, म्हणून तोंड सोडायचा. तोंड सोडलं की भूक लागायची, म्हणून रडायचा. रडला की नाक आणखी भरायचं. हे चक्र दिवसभर चालायचं आणि माझ्या नाकीनऊ यायचे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. घणसोली गावठाणात आम्ही भाड्यानं राहायचो. आम्ही साताऱ्याकडचे. नवरा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, पहाटे जायचा आणि ऊन उतरल्यावर यायचा. माहेरची बाळंतीण म्हणून मिरवून झाल्यावर मी बाळाला घेऊन परत आले, आणि त्याच आठवड्यात माझ्या सासूबाई गावाहून मदतीला आल्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाईंनी येताना ज्वारीचं पीठ आणलं, लसूण आणला आणि कोळशाची एक लहान शेगडीही आणली, कारण मुंबईकडे शेगडी मिळत नाही अशी त्यांची खात्री होती.

पलीकडच्याच दारात आमची घरमालकीण राहायची. ती गावातली मूळची, आगरी. तिच्या सासऱ्याची भातशेती नव्या शहरासाठी गेली, आणि त्या बदल्यात त्यांच्या जुन्या घरावर मजले चढले नि मजल्यांवर आमच्यासारखे भाडेकरू आले. तिला मी मावशी म्हणायचे. मनानं मोठी बाई, पण तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की अख्ख्या गल्लीला ऐकू जायचा.

या दोघींचं एकाही गोष्टीवर एकमत नव्हतं. आत्याबाईंचं म्हणणं, बाळाला अंघोळीनंतर ओवा आणि लसणाच्या सालींची धुरी द्यायची आणि नाकात कोमट तेलाचे थेंब सोडायचे. मावशीचं म्हणणं, तेल-बिल काही नको, छातीला ब्रँडी चोळायची, तिची सगळी पोरं त्यावरच वाढली. आत्याबाईंच्या गळ्यात माळ. नातवाच्या अंगाला दारूचा वास येणार म्हटल्यावर त्यांनी पदर नाकाला लावला आणि दोन दिवस मावशीशी बोलल्या नाहीत.

मी कुणाचंच ऐकणारी नव्हते. लहानपणापासून माझा स्वभावच तसा. घरात धाकटी असूनही सगळ्यांना बजावत फिरायचे. बारावीपर्यंत शिकले होते, आणि बारावी शिकलेल्या मुलीला स्वतःबद्दल जेवढा विश्वास असतो तेवढा पुढे डबल ग्रॅज्युएट बाईलाही नसतो. तर मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं आणि गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. परत नेलं. मग आणखी एकदा नेलं.

डॉक्टर मध्यमवयीन होते, खाली दवाखाना आणि वर घर. बोलायला फटकळ. शेवटच्या खेपेला त्यांनी बाळाचं झबलं वर केलं, छाती बघितली, कानाला नळी लावली आणि म्हणाले, "छान आहे."

मला राग आला. "छान काय आहे, डॉक्टर? पोरगं झोपत नाही, नीट पीत नाही, नाक वाहतंय, आणि तुम्ही छान म्हणताय?"

"नाक वाहतंय, शिंकतोय, माझ्या टेबलावर हातपाय झाडतोय, माझ्यावर ओरडतोय. म्हणून छान. आवाज करणारं बाळ मला आवडतं." मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "हे बघा ताई, तुम्ही रोज आलात तरी मी नाही म्हणणार नाही. पण टेन्शन कशाचं घ्यायचं ते एकदा शिकून घ्या, म्हणजे बाकीचं सोडून देता येईल."

आणि त्यांनी शिकवलं. दूध पितोय का ते बघायचं. थोडं थोडं प्याला तरी चालेल, पण अजिबातच ओढेना, दुपटी कोरडीच राहायला लागली, तर यायचं. श्वास बघायचा. नाकाचा आवाज सोडून द्यायचा, छाती उघडी करून बघायची. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, श्वास धापा टाकल्यासारखा चालला असेल, ओठ निळसर दिसले, तर यायचं. जागा होतोय का बघायचं. उठवल्यावर उठेना, बघितलं तरी बघेना, तर यायचं. आणि एवढ्या लहान बाळाचं अंग तापलं तर सर्दी असो नसो, काही विचार न करता यायचं.

"दवाखाना बंद असला तर?" मी विचारलं.

"वर राहतो ना मी. दार वाजवा."

नाकासाठी त्यांनी मिठाच्या पाण्याचे थेंब दिले. पाजायच्या आधी दोन्ही नाकपुड्यांत थेंब टाकायचा, मऊ धोतराच्या कपड्याची वात करून बाहेर आलेलं पुसून घ्यायचं, आणि मग छातीशी घ्यायचं. तेल नाकात घालायचं नाही, ते आत फुप्फुसात जाऊ शकतं. धूर तर अजिबात नको. बाम, ब्रँडी, मेडिकलवाल्यानं दिलेलं खोकल्याचं औषध, यातलं काहीच नको.

मी घरी आले आणि फर्मान काढलं. शेगडी दाराबाहेर गेली. तेलाची वाटी आत्याबाईंच्या हातातून काढून घेतली, पण त्यांचा चेहरा इतका उतरला की मी ती परत त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "नाकात नको, तळपायाला चोळा. तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमत नाही." हे खोटं नव्हतं. त्यांच्या हाताखाली बाळ असं सैलावायचं की मलाही वाटायचं आपणही पाय पुढे करावेत. नवऱ्याला सांगितलं, मार्केटातून आल्यावर आधी मोरीत जायचं, हात-तोंड धुवायचं, सदरा बदलायचा आणि मगच बाळाला हात लावायचा. तो बिचारा दिवसभर बटाट्याच्या गोणी वाहून यायचा. दारातच विचारायचा, "आता येऊ का आत?"

पहिली सर्दी आठवडाभरात आपोआप गेली. गल्लीत माझं वजन वाढलं. शेजारच्या बायका पोरं घेऊन यायला लागल्या. "हिचं नाक वाजतंय गं, दाखवू का?" मी झबलं वर करून छाती बघायचे, पितेय का विचारायचे, आणि निकाल द्यायचे. मला हे आवडायचं, खोटं कशाला बोलू? त्या गल्लीतली मी अर्धी डॉक्टरीण होते आणि पुरी आगाऊ.

मग मावशीच्या धाकट्या मुलाचं लग्न निघालं.

आगऱ्यांच्या घरचं लग्न म्हणजे अक्षता टाकून जेवून यायचं काम नाही. हळदीच्या चार दिवस आधीपासून घर भरायला लागलं. तळवलीहून मावशीच्या बहिणी आल्या, त्यांच्या सुना आल्या, सुनांची पोरं आली. आमच्या गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत मांडव पडला, आणि आमचं दार मांडवातच उघडायला लागलं. येणारी प्रत्येक बाई आमच्या खोलीत डोकवायची, बाळाला उचलायची, गालाला नाक घासून पापा घ्यायची. त्यांतल्या निम्म्या शिंकत होत्या. मी एकीला सरळ सांगितलं की तुमचं नाक वाहतंय, बाळाला घेऊ नका. ती मावशीची मोठी बहीण निघाली. तिनं मांडवात जाऊन सांगितलं, "भारूतीन लय शानी हाय." भारूतीन म्हणजे भाडेकरीण, म्हणजे मी; ते मला ऐकू यावं म्हणूनच सांगितलं होतं.

एवढं करूनही बाळाला सर्दी लागलीच. मी घाबरले नाही. थेंब, वात, दूध. थेंब, वात, दूध. दुसऱ्या दिवशी खोकला सुरू झाला. छाती उघडून बघितली, ठीक होती. पीतही होता, जरा कमी, पण पीत होता. घुरघुर पहिल्या खेपेसारखीच, आणि रडणं तर त्याहून जास्त. मांडवाखाली बायका जात्यावर हळद दळत होत्या, म्हाताऱ्या बायका लग्नाचे धवळे गात होत्या, आणि आमचं पोरगं आतून त्यांच्यावर वरचढ आवाज लावत होतं. मावशी म्हणाली, "तुजा पोरगाच धवला गातंय." सगळ्या हसल्या, मीही हसले.

हळदीच्या दिवशी सकाळी तो शांत झाला.

एकाएकी नाही. सकाळी थोडा कुरकुरला, जरासं प्याला आणि झोपला. नाकाची घुरघुर कमी झाली होती. मला बरं वाटलं, कारण बरेच दिवस मी नीट जेवलेही नव्हते. आत्याबाईंनी हात फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "आराम पडला बघ. अंग बी थंड हाय. झोपू दे आता त्येला." मी केस विंचरले. कपडे धुतले. दुपारी मांडवात पंगतीला जाऊन बसले आणि पोटभर जेवले. एकदा डोकावून गेले. तो झोपलेलाच होता, मूठ गालाशी. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका दारातून बघून जात होत्या आणि आत्याबाईंना सांगत होत्या की एवढ्या गडबडीत पोर हूं की चूं करत नाही. मावशीसुद्धा हातातलं काम टाकून आली. कपाळावर हळदीचं बोट लावलेलं, अंगावर नवं लुगडं. बाळाकडे बघून म्हणाली, "कवरा गुनी हाय गो पोर. माज्या घरचा कार्य हाय ह्या त्याला समाजलाय."

"गुणाचंच हाय," आत्याबाई म्हणाल्या.

आयुष्यात पहिल्यांदा त्या दोघी एकमेकींना मान डोलावत होत्या. मीही डोलावली. आपलं बाळ गुणाचं आहे हे ऐकायला कुठल्या आईला नको वाटेल?

ऊन कलायच्या सुमारास उंबराची फांदी आणायला मंडळी गेली. मांडवात उंबर वाजतगाजत आणायची त्यांच्याकडे रीत आहे. जाताना नुसतीच गेली, येताना बेंजो पार्टी घेऊन आली. ताशा, कीबोर्ड, मोठे भोंगे, सगळं लवाजम्यासकट गल्लीत शिरलं. आमच्या दारासमोर येऊन थांबलं आणि पोरं नाचायला लागली. फळीवरची भांडी थरथरत होती. भिंतीवरचा आरसा हलत होता. मी कानांवर हात ठेवून बाळाकडे धावले, कारण आता हा दचकून उठणार आणि आकांत करणार हे मला माहीत होतं. ताटलीवर चमचा पडला तरी दोन्ही हात फेकून दचकणारं ते पोर.

ते हललं नाही.

मी तिथंच उभी राहिले. पापणीसुद्धा हलली नव्हती. बाहेर एवढा दणदणाट की माझ्या छातीत धडधडत होतं, आणि बाळ गादीवर जसं ठेवलं होतं तसं. मी झबलं वर केलं. बरगड्यांखाली प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता, आणि श्वास इतके भराभर चालले होते की एक संपायच्या आत दुसरा. नाकपुड्या फुललेल्या. दुपट्याखाली हात घातला; लंगोट सकाळी बांधलेला, कोरडा. मी त्याला उचलून छातीला लावलं. तोंडात घेतलं, पण ओढलं नाही. तळपायाला टिचकी मारली. त्यानं डोळे अर्धे उघडले आणि माझ्याकडे न बघताच मिटले.

घुरघुर थांबली होती म्हणून आम्ही खूश झालो होतो. त्याला रडण्याइतकी ताकद राहिली नव्हती, एवढंच झालं होतं.

"आत्याबाई, डॉक्टरकडे चालले," मी म्हटलं.

आत्याबाई दारात आडव्या आल्या. "आगं, झोपलंय लेकरू. कशाला उठवतीस? आन् या वाऱ्या-वावटळीत, हळदीच्या गर्दीतनं न्यायचं त्येला?"

"तो झोपलेला नाही."

"मग?"

मी त्यांच्या काखेखालून निघाले. हो, अक्षरशः वाकून निघाले, सासूला बाजूला सारायची हिंमत तेव्हा माझ्यातही नव्हती. मांडवातून, नाचणाऱ्या पोरांतून, हळद लागलेल्या हातांतून मी बाळाला पोटाशी धरून चालले होते. कुणीतरी पिवळा हात माझ्या गालाला लावला. मी थांबले नाही.

दवाखान्याला दुपारचं कुलूप होतं. मी जिना चढले आणि दार वाजवलं. वाजवलं म्हणजे बडवलं. डॉक्टर बनियनवर बाहेर आले, डोळे चोळत. काही बोलायच्या आधी त्यांची नजर बाळाच्या छातीवर गेली आणि त्यांचा फटकळपणा कुठल्या कुठे गेला. तिथंच दारात कानाला नळी लावली. मग आत वळून फोन फिरवला. वाशीच्या एका हॉस्पिटलात लहान मुलांचे डॉक्टर होते, त्यांच्याशी बोलले. मला म्हणाले, "रिक्षा शोधत बसू नका, जे वाहन मिळेल त्यानं निघा. वाटेत काही पाजू नका. उभं धरा. आत्ता."

खाली आले तर मावशी समोर उभी. आत्याबाई तिच्या मागे धापा टाकत. दोघी माझ्या पाठोपाठ आल्या होत्या. मावशीनं माझ्या तोंडाकडे बघितलं, बाळाकडे बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता परत मांडवाकडे पळाली. त्या वयाच्या, त्या अंगाच्या बाईला मी पळताना तेव्हाच पाहिलं. बेंजो बंद झाला. भर हळदीत, स्वतःच्या मुलाच्या लग्नात, तिनं बेंजो बंद करवला. दोन मिनिटांत तिचा मोठा मुलगा व्हॅन घेऊन आला. मागच्या सीटवर नवऱ्यामुलाच्या आहेराचे खोके होते, ते त्यानं रस्त्यावर काढून ठेवले. "बस गो आतमंदी," मावशी म्हणाली, आणि आत्याबाईंना हाताला धरून माझ्याशेजारी चढवलं. तुझ्या नवऱ्याला मार्केटात फोन करते, एवढं तिनं सांगितलं आणि दार लावलं.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर कारखान्यांची पाळी सुटायची वेळ होती. मला त्या रस्त्याचं काही आठवत नाही. मी फक्त झबल्याची गुंडी बघत होते, कारण ती वर-खाली होत होती.

हॉस्पिटलात त्यांनी त्याला माझ्या हातातून घेतलं, एका पारदर्शक टोपाखाली ऑक्सिजन लावला, हाताच्या एवढ्याशा शिरेत सुई घातली. मुलांच्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या. सर्दी छातीत उतरली आहे, लहान नळ्या सुजल्या आहेत, एवढी लहान बाळं श्वास ओढून ओढून थकून जातात, असं त्यांनी समजावून सांगितलं. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. "थकलेलं बाळ गप्प होतं. लोकांना वाटतं बरं वाटायला लागलं."

नवरा मार्केटातून तसाच आला, डोक्यावरचा पटका न सोडता. दारात थांबला, माझ्याकडे बघून स्वतःच्या मळक्या सदऱ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "या." तेव्हा मला रडू आलं, तोवर आलं नव्हतं.

ते दिवस मी मोजले नाहीत. पहिल्या रात्री तो बराच थकलेला होता. मग श्वास हळूहळू खाली आला, खड्डा भरला. एका सकाळी नर्सनं त्याला माझ्या मांडीवर दिलं आणि मी छातीशी लावलं, तर त्यानं असं घट्ट ओढलं की मला दुखलं. ते दुखणं मी अजून विसरले नाही. थोड्या वेळानं त्यानं तोंड सोडलं, नाक भरलेलं होतं म्हणून, आणि रडायला सुरुवात केली. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. मी काही त्याला गप्प करायच्या भानगडीत पडले नाही. जिवात जीव आला होता माझ्या. लोकांना त्रास होतोय तर होऊ दे, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.

आत्याबाई खिडकीपाशी बसून होत्या. आल्यापासून त्या फारशा बोलल्या नव्हत्या. मला वाटलं, डॉक्टरकडे जाताना अडवलं म्हणून त्यांना अपराध्यासारखं होत असेल, आणि मी ठरवलं होतं की त्यांना एका शब्दानं बोल लावायचा नाही. गुणाचं बाळ म्हणून मान तर मीही डोलावली होती.

डॉक्टरबाई तपासून निघाल्या तेव्हा आत्याबाई उठल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "डाक्टरीणबाई, एक इचारू? असं गप झाल्यावर किती येळ असतो हातात?"

डॉक्टरबाईंना वाटलं, आजीला नातवाची काळजी आहे, पुढच्या वेळेसाठी विचारतेय. त्या हसून म्हणाल्या, "तसं नक्की सांगता येत नाही, आजी. पण बऱ्याचदा चार-सहा तास तरी मिळतात. तेवढ्यात आणलं तर बहुतेक बाळं वाचतात. तुमच्या सुनेनं बरोबर केलं. आता घाबरायचं कारण नाही."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या आणि परत बसल्या.

मग माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या. माझा नवरा हा घरातला थोरला, असंच मला लग्नाच्या वेळी सांगितलं होतं, आणि तसंच मी धरून चालले होते. त्याच्या आधी एक मुलगा झाला होता हे मला त्या दिवशी कळलं.

"आठ दिस नाक वाजत व्हतं त्येचं. लई रडायचं. मग एक दिस सकाळधरनं गप. मी म्हटलं, गुणाचं हाय लेकरू, आईला काम करू देतंय. पाळण्यात ठिवलं आन् रानात खुरपायला गेले. मालक बी म्हणलं, आज लेकराचा आवाज न्हाई, बरं वाटतंय जणू." त्या थांबल्या. "सांजच्याला परत आले."

बाळ माझ्या मांडीवर रडायचं थांबून उचक्या देत होतं. मी त्याला खांद्यावर घेतलं.

"तालुक्याचा दवाखाना काय लांब न्हवता," आत्याबाई म्हणाल्या. "गाडी दारात हुती. बैलं दावणीला हुती. सकाळीच निघाले असते तर दुपारच्या आत पोचले असते." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. तीस-बत्तीस वर्षं त्यांनी तो मुलगा गुणाचा म्हणून मनात जपला होता. "तू शिकल्याली हायस. तू सांग. वाचला असता का गं त्यो?"

"नाही," मी म्हटलं.

"न्हाई?"

"नाही, आत्याबाई. याला ऑक्सिजन मिळाला म्हणून हा वाचला. त्या काळी तालुक्याला ऑक्सिजन नव्हताच. तुम्ही पोचला असता तरी काही उपयोग झाला नसता."

"नक्की?"

"नक्की. मला माहीत आहे."

गल्लीतल्या बायकांना निकाल द्यायचे तशी मी बोलले, ठाम, मान वर करून. त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी मोठा श्वास सोडला, डोळे पुसले आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.

त्या तालुक्याच्या दवाखान्यात तेव्हा ऑक्सिजन होता की नव्हता, हे मला माहीत नाही. नंतर कितीदा तरी आम्ही गावी गेलो, त्या दवाखान्यावरूनच एसटी जाते, आणि चौकशी करणं काही अवघड नव्हतं. मी कधीच कुणाला विचारलं नाही.